प्रोग्राम मिटताना लॉक कोणाच्या हातात?

गुरुवारी संध्याकाळी सोमाटणे फाट्याहून शिरगावात यायचं तर गाडी पहिल्या गिअरवर चालवायची तयारी ठेवावी लागते. प्रतिशिर्डीच्या साईदर्शनाला आलेली कुटुंबं, हार-प्रसादाची दुकानं आणि त्यातूनच वाट काढणारे आमच्यासारखे हिंजवडीहून परतणारे लोक. रात्री देवळाची आवराआवर सुरू होते ती मात्र बघण्यासारखी असते. आधी दर्शनबारीचं तोंड बंद होतं. नवीन माणूस रांगेत येत नाही. रांगेत जे आहेत त्यांचं दर्शन होऊ देतात. मग शेजारती, मग दिवे, आणि आत कोणी राहिलं नाही हे पाहून सगळ्यात शेवटी कुलूप. किल्ली खिशात टाकून एक सेवेकरी घरी निघून गेला आणि दुसरा आत अडकला, असं तिथे होत नाही. आपण लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ते सर्रास होतं.

माझ्या बाबतीत झालं ते असं. तळेगाव एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या छोट्या कारखान्यासाठी मी वजनकाट्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहून दिला होता. सी प्लस प्लसमध्ये, दोन थ्रेडचा. एक थ्रेड पडद्यावरचं काम बघायचा, दुसरा नोंदी फाइलमध्ये उतरवायचा. नोंदींच्या यादीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून मध्ये एक लॉक. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग तिथल्या ऑपरेटरचा फोन आला : "सर, संध्याकाळी बंद करताना कधी कधी अडकतं. मी मेन स्विचच बंद करतो." आणि सकाळी सुरू करताना संदेश येई की प्रोग्राम आधीच चालू आहे. मग तो एक फाइल उडवायचा. ही युक्ती त्याला कोणी सांगितली होती, तर मीच, पूर्वी एकदा घाईत. महिनाअखेरीला हिशेब जुळेना, तेव्हा कळलं की ज्या ज्या दिवशी प्रोग्राम अडकला होता, त्या त्या दिवशीची शेवटची एक-दोन वजनं गायब आहेत.

चूक आठ-दहा ओळींत होती. विंडो बंद केली की मुख्य थ्रेड ते लॉक घ्यायचा, "आता थांबा" असा झेंडा उभा करायचा, आणि लॉक हातात ठेवूनच दुसरा थ्रेड संपायची वाट बघत बसायचा. दुसऱ्या थ्रेडकडे त्या क्षणी एखादी नोंद शिल्लक असेल, तर ती उतरवायला त्याला तेच लॉक हवं. हा त्याची वाट बघतोय, तो ह्याची. नोंद शिल्लक नसेल तर सगळं झटकन मिटायचं. म्हणून रोज अडकत नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या टेबलावर कधीच अडकलं नव्हतं.

पुढे जे लिहितो आहे ते अशाच चुकांतून आणि इतरांच्या चुका निस्तरताना जमलेलं आहे. एकाहून जास्त थ्रेडचा प्रोग्राम तुम्ही लिहीत असाल, भाषा कोणतीही असो, तर हे उपयोगी पडेल.

लॉक म्हणजे नुसता शब्द दिलेला

पहिली गोष्ट ही मनातून काढून टाका की लॉक ही कुठली तरी भक्कम वस्तू आहे आणि ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यावर लक्ष ठेवून असते. म्यूटेक्स म्हणजे मेमरीतला एक आकडा, आणि "हा आकडा उलटलेला दिसला तर मी थांबेन" असा सगळ्या थ्रेडनी एकमेकांना दिलेला शब्द. लिनक्सवर लॉक मोकळं असेल तर ते घेताना कर्नेलला साधी कल्पनाही दिली जात नाही. आकडा जागच्या जागी बदलतो आणि काम पुढे जातं. कर्नेल मध्ये येतं ते कोणाला तरी थांबवून ठेवायची वेळ आल्यावर. ह्या रचनेचं नाव फ्यूटेक्स. वेगासाठी ती उत्तम आहे, पण तिचा एक परिणाम विसरू नये : लॉक हातात असताना थ्रेड मेला, तर आकडा तसाच राहतो. तो परत फिरवणारं कोणी उरत नाही.

रेल्वेच्या एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकन द्यायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. ज्याच्या हातात टोकन, त्याचीच गाडी पुढच्या टप्प्यात जाणार. आता ते टोकन घेऊन ड्रायव्हरच नाहीसा झाला तर? मार्ग रिकामा आहे, पण दोन्ही स्टेशनांवर गाड्या उभ्याच. सेमाफोर हा शब्दही एड्सगर डायक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाने साठच्या दशकात रेल्वेच्या सिग्नलवरूनच संगणकात आणला, तेव्हा ही तुलना काही ओढूनताणून केलेली नाही.

प्रोग्राम चालू असेपर्यंत हा शब्द पाळला जातो, कारण लॉक घेणारा प्रत्येक जण ते सोडेपर्यंत जिवंत असतो. प्रोग्राम मिटताना नेमकं हेच गृहीत कोसळतं. आणि ते कसं कोसळतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

विंडोजवर आधी माणसं जातात, मग आवराआवर

विंडोजमध्ये प्रोसेस संपवणारी एक्झिटप्रोसेस ही आज्ञा दिली की सगळ्यात आधी, आज्ञा देणारा थ्रेड सोडून बाकीचे सगळे थ्रेड जिथे असतील तिथे मारले जातात. त्यांना निरोप नाही, हातातलं काम पूर्ण करायची मुभा नाही, लॉक सोडायची तर नाहीच. त्यानंतर एकेका डीएलएलला कळवलं जातं की आता आवरा. म्हणजे देवळातले सेवेकरी हवेत विरून गेले आहेत, किल्ल्या त्यांच्याबरोबर गेल्या आहेत, आणि उरलेल्या एकट्या माणसाला सांगितलंय की आतल्या सगळ्या खोल्या झाडून घे.

तो एकटा थ्रेड अशा वेळी एखादं लॉक मागायला गेला तर काय होतं? ह्याचं उत्तर विंडोजच्या आवृत्तीगणिक बदललं आहे, आणि मला ते फार बोलकं वाटतं. विंडोज एक्सपीच्या काळात प्रोसेस मिटत असताना क्रिटिकल सेक्शन ह्या प्रकारचं लॉक सैल सोडलं जायचं : मालक मेला आहे ना, मग जा आत. आत गेल्यावर यादी अर्धवट जोडलेली असेल, मेमरीची वही अर्धी लिहिलेली असेल, ते तुमचं नशीब. व्हिस्टापासून हा उदारपणा संपला. मिटत्या प्रोसेसमध्ये मेलेल्या मालकाचं क्रिटिकल सेक्शन मागितलं की प्रोसेस तिथेच, त्याच क्षणी संपवली जाते. पुढच्या डीएलएलची आवराआवर राहिली तर राहिली. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन ह्यांनी ह्यावर अनेकदा आणि खुसखुशीत लिहिलं आहे. त्यांचा सूर एकच असतो : प्रोसेस संपतच आली आहे, तर तिथे कसली साफसफाई करत बसता?

मला व्हिस्टाचं वागणं योग्य वाटतं. बिघडलेल्या यादीवर काम करून खोटा आकडा फाइलमध्ये लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिता मरणं परवडलं.

पण ही दया फक्त क्रिटिकल सेक्शनसारख्या लॉकांवर. तुमची डीएलएल "दुसऱ्या थ्रेडने काम संपल्याची खूण करावी" म्हणून एखाद्या इव्हेंटवर थांबून असेल, तर विंडोजला त्यात काही वावगं दिसत नाही. खूण करणारा थ्रेड मेलेला आहे, खूण कधीच होणार नाही, आणि टास्क मॅनेजरमध्ये ती प्रोसेस विंडोशिवाय भुतासारखी पडून राहते. कर्नेलचा म्यूटेक्स तिसऱ्याच तऱ्हेने वागतो : मालक न सोडता मेला तर पुढच्या मागणाऱ्याला तो मिळतो, पण "हा बेवारस सापडला" अशा खुणेसह. ती खूण म्हणजे यश समजून पुढे जाणारा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता कुठलाही जुना कोड हातात आला की आधी तेच शोधतो.

तेव्हा विंडोजवर डीएलएल लिहिणाऱ्यांनी एवढं पाळावं. डीएलएलमेन ह्या फंक्शनला तिसरा एक पॅरामीटर येतो. निरोप घ्यायच्या वेळी तो शून्य नसेल, तर डीएलएल नुसती उतरवली जात नाहीये, अख्खी प्रोसेसच मिटते आहे. अशा वेळी काहीही न करता परत फिरा. मेमरीसुद्धा मोकळी करू नका. मेमरी वाटणाऱ्या हीपलाही स्वतःचं लॉक असतं, आणि तेही कोणा मेलेल्या थ्रेडच्या हातात असू शकतं. प्रोसेस गेली की सगळी मेमरी परत जातेच.

लिनक्सवर उलटं : आवराआवर चालू, माणसंही आत

लिनक्स आणि एकूणच युनिक्सच्या घरात चित्र नेमकं उलटं आहे. मेनमधून परतलात किंवा एक्झिट हाक मारली, की ॲटएक्झिटला नोंदवलेली फंक्शनं चालतात, ग्लोबल वस्तूंचे डिस्ट्रक्टर चालतात, आणि हे सगळं होईस्तोवर बाकीचे थ्रेड मजेत धावत असतात. शेवटी कर्नेलला निरोप जातो तेव्हाच ते एकदम संपतात. म्हणजे सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली आहे आणि पंगत अजून जेवतेच आहे. एखादा थ्रेड नुकत्याच मोडीत काढलेल्या ग्लोबल यादीत नोंद घालायला जातो, प्रोग्राम कोसळतो, आणि आपण म्हणतो, "काम तर झालं होतं, शेवटी उगाच क्रॅश झाला." तो उगाच झालेला नसतो.

इथे एक खास सापळा आहे. कंडिशन व्हेरिएबल ग्लोबल ठेवलं आहे, त्यावर एक थ्रेड झोपलेला आहे, आणि प्रोग्राम मिटताना ते व्हेरिएबल मोडीत काढलं जातं. कोणी वाट बघत असताना ते मोडणं हे पॉझिक्सच्या नियमात बसतच नाही. पूर्वी ते खपून जायचं. २०१७ च्या ग्लिबसी २.२५ पासून कंडिशन व्हेरिएबल नव्याने लिहिलं गेलं आणि मोडणारं फंक्शन झोपलेल्यांची वाट बघू लागलं. वर्षानुवर्षं नीट मिटणारे प्रोग्राम सिस्टीम अपडेट केल्यावर अडकायला लागले, आणि लोकांनी दोष दिला तो अपडेटला. चूक आधीपासून आपलीच होती.

ह्यावर सी प्लस प्लसवाल्यांचा एक जुना उतारा आहे : ज्या ग्लोबल वस्तूला अनेक थ्रेड हात लावतात ती न्यू करून घ्या आणि कधीच डिलीट करू नका. गूगलच्या सी प्लस प्लस नियमावलीतही ग्लोबल वस्तूंना करण्यासारखं काही असणारा डिस्ट्रक्टर असू नये असंच म्हटलं आहे. कॉलेजात "प्रत्येक न्यूला डिलीट हवा" हे घोकून आलेल्या मुलांना हे सांगितलं की ती बिचकतात. बिचकू नका. मेमरीची गळती चालू प्रोग्राममध्ये वाईट. मिटणाऱ्या प्रोग्राममध्ये तिला गळती म्हणायचं कारण नाही.

जावा आणि पायथॉनचे आपापले रुसवे

जावामध्ये शटडाउन हुक नावाची सोय आहे. प्रोग्राम मिटताना हे हुक वेगवेगळे थ्रेड म्हणून एकाच वेळी सुरू होतात, कोणता आधी ह्याची हमी नाही. सिस्टीम डॉट एक्झिट हाक मारणारा थ्रेड त्यांच्यासाठी थांबून राहतो. आता समजा, त्याने सिंक्रोनाइज्ड भागातूनच, म्हणजे लॉक हातात असतानाच, ती हाक मारली आणि एका हुकला तेच लॉक हवं आहे. झालं! वजनकाट्याची गोष्ट, जावाच्या पोशाखात. हुकच्या आतून पुन्हा एक्झिट हाक मारली तरी तोच प्रकार. त्यामुळे लायब्ररीच्या पोटातून एक्झिट बोलावणं हा मी तरी गुन्हा मानतो. मिटायचं की नाही हे मेनने ठरवावं.

जावाच्याच इतिहासातला एक धडा इतरांनाही कामाचा आहे. थ्रेडला बाहेरून मारणारी थ्रेड डॉट स्टॉप ही सोय सुरुवातीला होती. तिने मारलेला थ्रेड हातातली सगळी लॉकं सोडून द्यायचा, म्हणजे वरवर पाहता अडकायची भीती नाही. पण लॉक सुटलं तरी आतलं काम अर्धवटच. पुढचा थ्रेड त्या मोडक्या वस्तूवर विश्वास ठेवून चालायचा. १९९८ च्या जावा १.२ मध्येच ती वापरू नका असं जाहीर झालं, आणि २०२३ च्या जावा २० पासून ती हाक मारली तर थेट एररच मिळते. लॉक सुटलं म्हणजे आतली वस्तू सुखरूप आहे, असं कोणीही समजू नये.

पायथॉनमध्ये डीमन थ्रेडचा मोह फार. डीमन केला की मुख्य प्रोग्राम त्याच्यासाठी थांबत नाही, झटपट मिटतो. म्हणून नवशिके सगळेच थ्रेड डीमन करून टाकतात. मग कधीतरी मिटताना एक भयंकर संदेश झळकतो : स्टँडर्ड आउटपुटच्या बफरचं लॉक मिळालं नाही, कदाचित डीमन थ्रेडमुळे. अर्थ सरळ आहे. डीमन थ्रेड प्रिंट करत होता, बफरचं लॉक त्याच्या हातात होतं, तेवढ्यात इंटरप्रीटर मिटायला लागला आणि तो थ्रेड जागीच गोठला. आता इंटरप्रीटरला उरलेलं आउटपुट बाहेर काढायला तेच लॉक हवं. निदान पायथॉन हे ओरडून सांगतो, गप्प अडकून बसत नाही. ज्या थ्रेडकडे फाइल, सॉकेट किंवा नुसतं प्रिंट आहे तो डीमन करू नका. एवढा एकच नियम पाळलात तरी बरंच काम होईल.

मग मिटवायचं कसं

शेजारतीचा क्रम आठवा. आधी रांगेचं तोंड बंद : नवीन काम स्वीकारणं थांबवा. पोर्ट ऐकणं बंद करा, काट्यावरून येणारी नवी वजनं घेणं बंद करा. मग थांबण्याचा झेंडा. हा झेंडा ज्या लॉकखाली कामाची यादी आहे त्याच लॉकखाली उभा करा, लॉक लगेच सोडा, आणि मग झोपलेल्या सगळ्यांना उठवा. एकाला नव्हे, सगळ्यांना. दहा थ्रेड झोपलेले असताना एकालाच हाक मारली तर नऊ जण सकाळपर्यंत झोपून राहतात. उठलेल्या थ्रेडने "काम आहे का, नसेल तर झेंडा आहे का" हे दोन्ही तपासावं. झेंडा लॉकबाहेर उभा केला तर नेमकी ती फट राहते जिच्यात थ्रेड झेंडा नाही हे पाहून झोपायला निघालेला असतो आणि तुमची हाक त्याच्या झोपण्याआधी वाया जाते. असा प्रसंग हजारात एकदा घडतो, आणि तो ग्राहकाकडेच घडतो.

मग प्रत्येक थ्रेड संपायची वाट बघा, आणि ती वाट बघताना तुमच्या हातात एकही लॉक नको. ह्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. स्वतःचं म्यूटेक्स आठवतं. पण लॉगरचं लॉक, किंवा विंडोजमध्ये डीएलएलमेन चालू असताना लोडरने धरलेलं लॉक, ही न दिसणारी लॉकंही मोजायची असतात. डीएलएलमेनमध्ये थ्रेडची वाट बघितली तर अडकायला होतं ते ह्याच लोडर लॉकमुळे : मरणाऱ्या थ्रेडलाही निघताना तेच हवं असतं.

सी प्लस प्लस २० मधला जेथ्रेड ही वाट आपोआप बघतो आणि थांबण्याची खूणही स्वतः करतो. जुना थ्रेड वापरत असाल आणि जॉइन विसरलात, तर त्याचा डिस्ट्रक्टर अख्खा प्रोग्रामच पाडतो. पुष्कळांना हा क्रूरपणा वाटतो, पण त्याने चूक लपत नाही. एक मात्र सांभाळा. क्लासमध्ये जेथ्रेड सगळ्यात शेवटी जाहीर करा. सदस्य उलट्या क्रमाने मोडले जातात, तेव्हा थ्रेड आधी संपेल आणि तो वापरत असलेलं म्यूटेक्स आणि यादी नंतर जातील. वर-खाली झालं तर म्यूटेक्स आधी जातं, आणि थ्रेड नसलेल्या दाराला कुलूप लावत बसतो.

कंट्रोल सी किंवा टर्म सिग्नल येतो तेव्हाची काळजी निराळी. सिग्नल हँडलर हा चालू थ्रेडच्या मानगुटीवर बसून धावतो. तो थ्रेड त्या क्षणी मॅलॉकच्या आत, मॅलॉकचं लॉक घेऊन असेल, आणि हँडलरने प्रिंटएफ किंवा मॅलॉक केलं, तर थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो. हँडलरमध्ये म्यूटेक्स घेऊ नका, लॉग लिहू नका. एक ॲटॉमिक झेंडा, किंवा पाइपमध्ये एक बाइट, बस्स. माझ्या मते त्याहून सोपा मार्ग म्हणजे सगळ्या थ्रेडमध्ये सिग्नल रोखून ठेवायचे आणि सिगवेटवर थांबणारा एकच थ्रेड ठेवायचा. तो साधा थ्रेड असतो. त्याला सगळं करता येतं.

प्रोसेस गेली तरी मागे राहणारी लॉकं

आतापर्यंतची लॉकं प्रोसेसबरोबर जातात. काही जात नाहीत, आणि आमच्या ऑपरेटरला सकाळी छळणारं हेच होतं. "फाइल आहे म्हणजे प्रोग्राम चालू आहे" अशी लॉक फाइल मी ठेवली होती. मेन स्विच बंद झाला की ती उडवायला कोणी नसे. त्याऐवजी फाइल असू द्या, पण तिच्यावर कर्नेलचं लॉक घ्या : लिनक्सवर फ्लॉक, विंडोजवर दुसऱ्या कोणाला उघडता येणार नाही अशी उघडलेली फाइल किंवा नाव दिलेला म्यूटेक्स. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नेल ते सोडतं. लिनक्सवरच्या एफसीएनटीएल लॉकबद्दल मात्र सावध राहा. त्याच प्रोसेसने ती फाइल आणखी कुठे उघडून बंद केली, तरी सगळी लॉकं गुपचूप सुटतात; एखाद्या लायब्ररीने नुसती वाचायला उघडली तरीही.

दोन प्रोसेसनी मिळून वापरायची शेअर्ड मेमरी असेल आणि तिच्यात म्यूटेक्स ठेवायचा असेल, तर तो रोबस्ट प्रकारचाच ठेवा. मालक मेला तर पुढच्याला लॉक मिळतं, सोबत "आधीचा मालक मेला" असं उत्तर. मग तुम्ही आतली वस्तू तपासून दुरुस्त करायची आणि म्यूटेक्स सुसंगत झाला असं जाहीर करायचं. जाहीर न करता सोडलंत तर तो कायमचा निकामी होतो, आणि तेच बरं. नाव दिलेले पॉझिक्स सेमाफोर तर कोणाच्या मरणाने हलत नाहीत. अनलिंक होईपर्यंत किंवा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत तिथेच बसून राहतात.

वेळ किती मिळतो?

कितीही देखणा क्रम लावलात तरी बाहेरचा माणूस घड्याळ लावून उभा असतो. डॉकर थांबवताना लिनक्स कंटेनरला साधारणपणे १० सेकंद देतो, कुबरनेटीस ३०, सिस्टमडी ९०. ह्या ठरावीक मुदती बदलता येतात, पण न बदलता वापरणारेच जास्त. मुदत संपली की किल सिग्नल, म्हणजे आपल्याकडे आषाढात वीज जाते तसं. आत कोण काय करत होतं, विचारायची पद्धत नाही. तेव्हा स्वतःची मुदत बाहेरच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. ती उलटली तर कोणता थ्रेड आला नाही हे थेट एरर आउटपुटवर एका ओळीत लिहा, लॉगरमधून जाऊ नका, आणि अंडरस्कोर एक्झिट हाक मारून निघा. जावात तेच काम हॉल्ट करतं. ह्या वाटेवर डिस्ट्रक्टर नाहीत, हुक नाहीत, लॉकं नाहीत.

आणि इथेच खरा मुद्दा येतो, जो मला कारखान्यातली ती हरवलेली वजनं शोधताना कळला. मिटताना करायचं महत्त्वाचं काम ठेवलं होतं, हीच मुळातली चूक. नोंद आली की तेव्हाच ती डिस्कवर पक्की व्हायला हवी होती. कँडिया आणि फॉक्स ह्या दोन संशोधकांनी २००३ साली एका निबंधात असं मांडलं की प्रोग्राम कोसळूनच थांबावा आणि सावरूनच सुरू व्हावा, वेगळी मिटण्याची वाट असूच नये. टोकाचं वाटतं, पण वजनकाट्यापुरतं मला ते शंभर टक्के पटलं. मी नोंदी एसक्यूलाइटमध्ये टाकल्या. व्यवहार अर्धवट असताना वीज गेली तर तिची जर्नल फाइल मागे राहते, आणि पुढच्या वेळी डेटाबेस उघडणारा आधी तो अर्धवट व्यवहार उलटवतो. लॉक कर्नेलचं असल्याने तेही अडकून राहत नाही. ऑपरेटरने आता मेन स्विच बंद केला तरी मला फोन येत नाही.

अडकलेला प्रोग्राम हाती लागलाच तर तो मारायची घाई करू नका. त्याच्याइतका चांगला साक्षीदार पुन्हा मिळत नाही. जीडीबी जोडून सगळ्या थ्रेडचे स्टॅक घ्या, जावासाठी जेस्टॅक, पायथॉनसाठी पाय-स्पाय. कोण कशावर थांबलंय हे बहुतेक वेळा दोन मिनिटांत दिसतं. आणि आपल्या नेहमीच्या चाचण्यांत एक भर घाला : प्रोग्राम पूर्ण भारावर असताना शंभर वेळा टर्म सिग्नल द्या, मग शंभर वेळा किल, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करून नोंदी मोजा. रिकामा बसलेला प्रोग्राम तर कोणाचाही नीट मिटतो. उद्या सकाळी ऑफिसात गेल्यावर चहाआधी हे एकदा करून पाहा.